हाताची फेक

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात श्यामसुंदरला कंपनीच्या पोहण्याच्या शर्यतीत उतरायचं होतं. फ्रीस्टाइल मारताना आपला हात नेमका कुठं चुकतो, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मेहुण्यानं मस्कतहून आणलेला व्हिडिओ कॅमेरा घेऊन तो बोनकोडेच्या तळ्यावर गेला आणि तिथं म्हैस धूत असलेल्या गोटीरामच्या हाती त्यानं तो सोपवला.

"बंद कसा करायचा, साहेब?" गोटीरामनं विचारलं.

"ते मी बाहेर आलो की बघतो."

संध्याकाळी वाशीच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. पडद्यावर श्यामसुंदर धपाधप पाणी उडवत तळ्याच्या मध्यापर्यंत गेला आणि अचानक चित्र कलंडलं. कॅमेरा कुणीतरी काठावर गवतात ठेवला होता.

"पुढं काही नाही," म्हणत श्यामसुंदर टीव्ही बंद करायला उठला.

"थांबा, भाऊजी!" मेहुणा ओरडला. तिरक्या चित्रात एक माणूस सपासप पाणी कापत निघाला होता. "याला म्हणतात हात! कोपर बघा किती वर येतंय. कोण हा?"

"म्हशीवाला गोटीराम," श्यामसुंदर पुटपुटला.

"मग शिका की याच्याकडून!"

"पण परत येताना एकाच हातानं पोहतोय," सुमेधा पडद्याजवळ सरकत नवऱ्याला म्हणाली. "दुसऱ्या काखेत काय धरलंय हो त्यानं?"



"मला."