बारशाआधीची नोंद

मुलांनो, समजा, तुमच्या जन्माच्या दाखल्यावर तुमचं नावच नाहीये. शिकागोजवळच्या काउंटी ऑफिसात नऊ वर्षांच्या हेमांगीचं तेच झालं. दाखल्याशिवाय पासपोर्ट नाही, पासपोर्टशिवाय नागपूरला आजारी आजोबांकडे जाणं नाही. आणि ऑफिस बंद व्हायला दहाच मिनिटं. ती सारखी पाय बदलत होती. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टरवर बोट ठेवलं, “आडनाव सापडलं. पण पुढे नुसतं ‘बेबी गर्ल’ लिहिलंय.” “बाबा, सीरियसली?” बाबा ओशाळले. “हॉस्पिटलवाले नाव मागत होते. मी ठणकावलं, बारशाआधी नाव सांगायचं नसतं! मग कळवायचं राहूनच गेलं.” बाईंनी टाइपरायटरमध्ये फॉर्म सरकवला. “आता तरी सांगा, पटकन!” बाबा तोंड उघडणार, तोच हेमांगी खुर्चीवर चढली. भावाच्या बारशाला आत्या वाकली होती, तशीच ती बाईंच्या कानाशी वाकली, ‘कुर्रर्र’ म्हणाली आणि तिने हळूच स्वतःचं नाव सांगितलं.