सात दिवस वाळत
ऑफिसात सगळेजण इंटरनेटवर फुकट मिळणारी, परक्यांनी लिहिलेली कोडची पॅकेजं डोळे मिटून गिळायचे. काकू तेवढ्या शहाण्या. नवं आलं की त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून टेबलावरच्या दोरीला चिमट्याने अडकवत. सात दिवस वाळल्याशिवाय ते वापरायचं नाही. आत कुणी चोर बसवला असेल, तर तोवर बोंब होतेच. “काकू, हा धोबीघाट आवरा,” साहेब सकाळी खेकसले. “संध्याकाळपर्यंत दोरीवरचं हे पॅकेज घ्या, नाहीतर उद्यापासून घरीच कपडे वाळवा.” काकूंनी चिठ्ठीला हात लावला नाही. दुपारी बोंब झाली: त्याच पॅकेजने सगळ्यांचे पासवर्ड पळवले होते, साहेबांचेसुद्धा. धड उरला तो एकट्या काकूंचा कॉम्प्युटर. संध्याकाळी साहेब हातात दुसऱ्याच नव्या पॅकेजची चिठ्ठी घेऊन दोरीपाशी घुटमळले. “एखादा चिमटा आहे का? चार दिवसांत वाळेल ना?” “सात,” काकू म्हणाल्या. “ओले कपडे घालायची हौस फिटली नाही का?”