साडूच्या पडद्यावरचे मासे

टालोगा तलावावर कुणीही दुसऱ्याच्या माशाचा मत्सर करत नाही. मच्छीमार मंडळाच्या फलकावरचं हे पहिलं वाक्य. दुसऱ्याच्या होडीचा पाठलाग केल्यास सभासदत्व रद्द होईल, हे दुसरं.

डरवूड सभासद क्रमांक नऊ. त्या आठवड्यात तो आपला साडू लमार याच्या मागावर चौथ्यांदा निघाला होता. लमार जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला होडी बांधून बसला होता. त्याने हात करून डरवूडला जवळ बोलावलं. लपतछपत मागे येणाऱ्याचा याहून मोठा अपमान नाही.

"ये, ये. सावली आहे इथे. कॉफी घेणार?"

डरवूडने कॉफी घेतली आणि लमारच्या मासे दाखवणाऱ्या मशीनच्या पडद्याकडे पाहिलं.

होडीच्या दोन्ही अंगांना शंभर-शंभर फुटांपर्यंतचा तळ दाखवणारं ते मशीन लमारने दोन वर्षांपूर्वी आणलं, पोस्टातून निवृत्त झाला त्याच आठवड्यात. हॉइटच्या दुकानात शेवटचा नग उरला होता, तोही काउंटरवरचा, बिनखोक्याचा. तेव्हापासून लमार उजाडताना तलावावर जायचा आणि मावळताना घरी यायचा.

आणि तेव्हापासूनच कढई गेली.

त्याआधी सलग अकरा वर्षं, सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, सगळ्या गोतावळ्यासाठी डरवूडने मासे तळले होते. सासऱ्यांच्या काळ्या बिडाच्या कढईत. नियम सासूबाईंचा. त्या दिवशी ज्याचे क्रॅपी मासे जास्त, कढई त्याची. यंदा त्यांनी जाहीर केलं होतं की आपण ब्याऐंशीच्या झालो, आता यापुढे दरवर्षी मोजणी होणार नाही. या सोमवारी कढई जिंकेल त्याला ती कायमची.

"त्याच्याकडे मशीन आहे," असं डरवूड बायकोला दोन वर्षं सांगत आला होता.

"मग आता तुझ्याकडेही आहे," वाइनेल म्हणायची.

तेही खरं होतं. मे महिन्यात त्याने तेच मॉडेल घेतलं होतं. त्याच्या पडद्यावर चिखल दिसायचा, क्वचित टायर. होडी चालली की चित्र सरकायचं, थांबली की तेही थांबायचं. लमारची होडी खांबाला बांधलेली होती, तरी त्याचं चित्र सरकतच होतं. माशाच्या काट्यासारखी बुडालेली झाडं, फांद्याफांद्यांतून तांदूळ सांडावेत तसे मासे आणि प्रत्येक माशाची वेगळी सावली. खोली बेचाळीस फूट. पुलाखाली वीस फुटांपेक्षा जास्त पाणी आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे हे मशीन चिखलाच्याही आत बघतं, हे डरवूडच्या ध्यानात आलं.

"मॉडेल सारखंच ना रे आपलं?" त्याने विचारलं.

"सारखंच."

"मग तुझ्यात काय घातलंय?"

लमारने विचार केला. "काय की. बघायला बरं वाटतं, एवढं खरं."

तेवढ्यात त्याची काठी वाकली आणि पंजाएवढा क्रॅपी वर आला. डरवूडने उरलेली कॉफी तलावात ओतली.

रविवारी त्याच्या पोटात दुखलं. वाइनेल एकटीच चर्चला गेली. दोघांच्या होड्या एकाच धक्क्याला असत. मशीन काढायला दोन स्क्रू आणि तीन वायरी, बसवायलाही तेवढंच. चर्चमधून लमारचा खर्जातला आवाज पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होता, त्यामुळे तो कुठे आहे याची काळजी नव्हती. लमारच्या मशीनवर त्याच्या नातीने बेडकाचं चित्र चिकटवलं होतं. ते डरवूडने नखाने हळूच सोललं आणि आपल्या मशीनवर, आता लमारच्या होडीत गेलेल्या, नीट चिकटवलं. दुसऱ्या स्तोत्राच्या आत काम झालं. पोटदुखी थांबली.

सोमवारी सकाळी त्याने आपल्या नेहमीच्या खाडीत मशीन चालू केलं आणि टोपी काढली. झाडंच झाडं. मासेच मासे. एवढे मासे त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्यातल्या एकानेही गळाकडे पाहिलं नाही.

त्याने जिवंत आमिष लावून पाहिलं, गुलाबी पिसं लावून पाहिली. तीन जागा बदलल्या. तिन्हीकडे तीच गर्दी. दुपारी तो धक्क्याशी परतला तेव्हा पडदा अजून माशांनी भरलेला होता आणि बादलीत पाणी होतं.

लमारने एकोणतीस आणले.

संध्याकाळी सासूबाईंनी कढई लमारच्या हातात दिली, झाकणासकट. मक्याच्या पिठाची भजी आधीच तळून झाली होती. लमारने सगळ्यांत मोठा मासा डरवूडच्या ताटात वाढला.

"आज माझ्या मशीनवर नुसता चिखल," तो म्हणाला. "टोपी टाकली त्याच्यावर आणि बसून राहिलो खांबाशी. तुला दिसले का रे मासे?"

"दिसले."

"खूप?"

"खूप."

लमारने मान डोलावली आणि पुढचा मासा तेलात सोडला.

मंगळवारी डरवूड मशीन घेऊन हॉइटच्या दुकानात गेला. लमारने यात काहीतरी कुलूप घालून ठेवलंय अशी त्याची खात्री झाली होती, पण ते बोलायचं कसं? साडूचं मशीन आहे, त्यानेच दुरुस्तीला पाठवलंय, असं त्याने सांगितलं. हॉइटने मशीन उलटं केलं, मागची अर्धवट सोललेली आपल्याच दुकानाची चिठ्ठी पाहिली आणि चालू केलं. लाकडी काउंटरवर, कुठलीही वायर पाण्यात नसताना, झाडं सरकू लागली. मासे आले. सावल्या आल्या.

"बिघडलेलं नाही," हॉइट म्हणाला. "गिऱ्हाइकांना दाखवायला कंपनीने यात चित्रफीत भरलेली आहे. विकताना मी लमारला म्हटलं होतं, बंद करून देतो. तर म्हणाला, राहू दे, बघायला बरं वाटतं. मासे पार तिकडच्या मिनेसोटातले आहेत."