ओठ झाकल्यावर

साथ जरा ओसरली तसा मुकादमाने यंत्रमागांचा कारखाना पुन्हा सुरू केला. एक सोडून एक माग, दारात साबण, प्रत्येकाला मास्क; कुठे म्हणून कसर ठेवली नाही. फक्त एक गोष्ट विसरला. या खडखडाटात सगळे एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच ओळखायचे.

पहिल्याच सकाळी समोरच्या मागावरच्या ताईंचा मास्क एकसारखा हलताना दिसला. काही बिघडलं की काय, म्हणून त्याने धावत जाऊन सगळे माग थांबवले.

"काय म्हणताय, ताई?"

ताई लाजल्या. "काही नाही हो. आता ओठ कुणाला दिसत नाहीत ना, म्हणून जरा गात होते."

मुकादमाने माग सुरू केले. खडखडाट पुन्हा छताला भिडला. मग मास्क नाकावर नीट ओढून तो साथीत गेलेल्या बायकोशी पोटभर बोलला.