पिंजऱ्यातलं ‘परंतु’

“परंतु,” मैना पिंजऱ्यातून म्हणाली, तेही थेट लेकीच्या आवाजात, आणि लेकीची चोरी पकडली गेली.

कलमाच्या शेवटचं तेवढं एकच वाक्य तिने पुटपुटत वाचलं होतं. एरवी ती खणखणीत वाचायची. सरकारसाठी कायद्यांचे मसुदे लिहिणं हे तिचं काम. जे कलम कानाला अडखळतं ते पुढे कोर्टातही अडखळतं, असं तिचं ठाम मत. म्हणून बैठक नसेल त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि वन्यजीवांच्या नव्या कायद्याचं एकेक कलम मोठ्याने वाचायची. ऐकायला दोघीच, आई आणि मैना. आईला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं. मैनेने मात्र एकच शब्द उचलला होता, आणि लेक श्वास घ्यायला थांबली की ती तो मधेच ठोकून द्यायची. मग मायलेकी पोट धरून हसायच्या.

आज कुणी हसलं नाही. भाजी चिरता चिरता आईचा हात थांबला.

“या कलमात ‘परंतु’ नव्हतं ना गं? मग आत्ता शेवटी काय पुटपुटलीस?”

नव्हतंच. कलम सरळ होतं. रानातला पक्षी कुणी विकायचा नाही, घरात ठेवायचा नाही, आणि असेल तर सरकारी केंद्रात आणून द्यायचा. हे पक्षी पिल्लं असतानाच झाडाच्या ढोलीतून काढतात, आणि बाजारात पोचेपर्यंत त्यातली कितीतरी मरतात. आधीपासून पाळलेल्या पक्ष्यांना तेवढी सूट द्या, म्हणून विक्रेत्यांनी जंग जंग पछाडलं होतं. लेक हटली नव्हती. मग काय, जो तो म्हणणार आमचा जुनाच आहे, पाखराच्या अंगावर काय तारीख लिहिलेली असते? साहेबांशी फोनवर भांडून भांडून तिचा घसा बसला होता, तेव्हा आईनेच गुळण्यांना गरम पाणी करून दिलं होतं.

आणि आज, मसुदा मंत्र्यांकडे जायच्या आदल्या दिवशी, तीच सूट तिने आपल्या हाताने कलमात घुसवली होती.

कारण समोर पिंजऱ्यातच होतं. ही मैना बाबांनी आणलेली, अशी बंदी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती तेव्हा. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. पण रोज दिवे लागले की मैना मान तिरकी करायची, बाबांसारखीच घसा खाकरायची आणि बाबांच्याच आवाजात हाक द्यायची, “अगं, ऐकलंस का?” बाबांनी आईला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती, हीच काय ती हाक. आणि आई हातातलं काम न सोडता म्हणायची, “बोला, ऐकतेय.” पुढचं मैनेला येत नव्हतं. आईचं तेवढ्यावर भागायचं. लेकीला मात्र रोज गलबलून यायचं. हे आईकडून काढून घ्यायचं, आणि तेही आपल्याच कलमाने? तिचा हात धजत नव्हता.

“खोडून टाक ते,” आई म्हणाली.

“आई, बाबांचा आवाज जाईल गं.”

“मला पाठ आहे तो. पाखराने कशाला पाठ ठेवायचा?”

आईने पुन्हा सुरी उचलली. म्हणजे विषय संपला. लेकीने ते वाक्य खोडलं आणि कांदा चिरत नसतानाही डोळे पुसले.

कायदा मंजूर झाला. आईने पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली आणि टॅक्सीत तो मांडीवर घेऊन बसली. केंद्रातल्या डॉक्टरबाईंना तिने बजावलं, केळं हिला पिकलेलंच लागतं, आणि दिवे लागले की ही हाक मारते, दचकू नका. निघताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आई खंबीर आहे हो, असं म्हणून लेकीने सुस्कारा सोडला आणि स्वतःला कामाला जुंपून घेतलं. आता त्या कायद्याखालचे नियम लिहायचे होते. पण पिंजऱ्याच्या रिकाम्या हुकाखाली बसून तिला वाचवेना, म्हणून ती ऑफिसातच वाचू लागली. घरी यायला रोजच उशीर व्हायला लागला.

पुढे एकदा कामासाठीच तिला केंद्रात जावं लागलं. दिवस कलला होता. मोठ्या जाळीत बऱ्याच मैना होत्या. तुमची मैना छान रमलीय, डॉक्टरबाई म्हणाल्या, इतर मैनांसारखी शीळही घालायला लागलीय. लेकीने भीत भीत विचारलं, हाक मारते का अजून? डॉक्टरबाई जरा विचारात पडल्या. पुरुषाचा आवाज तर आम्ही कुणीच ऐकला नाही, म्हणाल्या. बरोबरच होतं. तिथे त्या हाकेला ‘बोला’ म्हणणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात जाळीबाहेरचा दिवा लागला. फांदीवरच्या एका मैनेने मान तिरकी केली.

“आज तिला उशीर होणार,” ती म्हणाली. आवाज आईचा होता. “चल, आपण दोघीच बोलत बसू.”

लेक जाळी धरून उभी राहिली. घरातून बाबांचा आवाज गेला, याचाच ती इतके दिवस घोर लावून घेत होती. दिवसभर आई बोलायची कुणाशी, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तिला तिथून परत ऑफिसात जायचं होतं. ती घरी गेली. दार उघडून आत आली तर स्वयंपाकघरात अंधार, आणि आई टेबलाशी नुसती बसलेली. लेकीने चपला काढायच्या आधीच दिवा लावला आणि हाक मारली.

“अगं, ऐकलंस का?”

आईने दचकून वर पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

“बोल, ऐकतेय.”

मैनेला याच्या पुढचं येत नव्हतं. लेकीने खुर्ची ओढली आणि दिवसभराचं सगळं सांगायला लागली.