बिनजोड

भोक पाडायचा सुंबा तापलेल्या लाल लोखंडी ठोकळ्यात शिरला तो शिरलाच, बाहेर यायचं नाव घेईना. लोहाराने सांडशीने हिसडे दिले, ठोकळा उलटा करून ऐरणीवर आपटला, शेवटी त्याला एक शिवीही घालून पाहिली. तोवर लोखंड काळं पडलं आणि त्याने सुंब्याला आणखीच घट्ट धरलं.

लोहाराच्या बायकोने घण खाली टेकवला आणि ती हसायला लागली. "आला, बसला, आता हलायचा नाही. पाहुणा आहे का काय हा?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. भट्टीच्या पंख्याचं चाक फिरवत थोरल्या वहिनी बसल्या होत्या, आणि त्यांची भरलेली पिशवी दाराशी होती. दुपारच्या गाडीने त्या भाचीकडे निघाल्या होत्या, कायमच्या.

"माझ्यासारखाच की," वहिनी म्हणाल्या. "घरधनी गेला तरी मी आपली इथंच."

"वहिनी, तिला तसं म्हणायचं नव्हतं," लोहार म्हणाला.

"मला चेष्टा कळते हो भाऊजी. हात तेवढा चालत नाही."

हात म्हणजे उजवा तळवा. वहिनींची कुदळ साधी होती. पट्टी वळवून, टोकं एकमेकांवर बडवून तिचं नेढं केलेलं. म्हणजे दांडा घालायचं भोक. वहिनींना दांडा अगदी खाली, लोखंडाला लागून धरायची सवय. एक दिवस नेढ्याचा जोड उचकटला आणि तळवा फाटला. जखम भरली, पण मूठ वळली की व्रण नेमका जोडाच्या काठावर घासायचा. लोहाराने तो जोड किती वेळा ठोकून बसवला, पण तो पुन्हा तोंड वर काढायचाच. शेवटी परसातल्या वाफ्यांकडे जाणं वहिनींनी सोडलं, आणि बसून खाणं त्यांच्या पचनी पडेना. भाचीकडे निदान तिची पोरं सांभाळता येतील, असं त्यांनी ठरवून टाकलं.

म्हणून आज लोहाराने हे मनावर घेतलं होतं. पट्टी नाही, जोड नाही. सबंध ठोकळ्यात भोक पाडायचं आणि तेच फुलवत नेढं काढायचं. त्यासाठी त्याने लांब सुंबा घडवला होता आणि कानस मारून आरशासारखा लखलखीत केला होता.

वहिनींनी अडकलेला सुंबा निरखून पाहिला. "हा वरपासून खालपर्यंत सारखाच जाड केलात होय?"

"हो. मग?"

"मग निघेल कसा? तुमच्या दादांचा खाली निमुळता असायचा. गाजरासारखा."

लोहाराचे कान लाल झाले. इतकी वर्षं लोखंड बडवून ही चूक म्हणजे कहरच. पण त्याने जन्मभर पट्टीचीच नेढी वळवली होती. बिनजोडाचं काम दादांचं, आणि ते शिकवायच्या आत दादा गेले. बाकीचं सगळं त्याला ह्याच वहिनींनी शिकवलं होतं. भट्टी कशी पेटवायची, लोखंडाचा कोणता रंग आला की घाई करायची आणि कोणता आला की थांबायचं, नवऱ्याशेजारी बसून जे जे पाहिलं ते सगळं त्यांनी ह्या धाकट्या दिराच्या ओंजळीत घातलं. त्याबद्दल त्याने त्यांना कधी कौतुकाचा एक शब्द म्हटला नव्हता. ऐरणीपाशी बोलायला फुरसत नसते, ही सबब फार सोयीची असते.

गाडीच्या जुन्या आसाचा एक तुकडा तेवढा उरला होता. त्याने तो तापवला आणि दुसरा सुंबा घडवला, ह्या वेळी गाजरासारखा. ठोकळाही नवा घेतला. तो लाल होऊन पिवळटपणाकडे झुकला तसा बाहेर काढला. बायकोने घणाचे घाव घातले. सुंबा थोडा रुतला, थोडं भोक पडलं.

"काढा," वहिनी म्हणाल्या. त्या उठून आल्या आणि त्यांनी कोळशाची चिमूटभर भुकटी त्या भोकात टाकली. "हं, आता ठोका."

"दादा टाकायचे वाटतं?"

"मी टाकायचे. त्यांच्या कुठं लक्षात राहायचं."

घाव पडला, आत भुकटी फुसफुसली, आणि सुंबा असा अलगद सुटला की लोहार बघतच राहिला. मग भराभर काम झालं. भोक आरपार गेलं, फुललं. सुंबा आत ठेवून नेढं बाहेरून गोल बडवलं, पुढचं पातं लांबवलं, धारेला पाणी दिलं.

कुदळ हाताला सोसेल इतकी निवल्यावर त्याने ती वहिनींच्या हातात दिली. त्यांनी अंगठा नेढ्यावरून गोल फिरवला. आतून फिरवला, पुन्हा बाहेरून फिरवला. मग व्रणाचा तळवा त्यावर दाबून मूठ वळली. बाहेर रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

"जोड कुठंय हो हिचा?"

"नाहीच आहे," लोहार म्हणाला. "बिनजोड आहे."

हे म्हणताना तो कुदळीकडे नाही, वहिनींकडे बघत होता.

वहिनींच्या ते ध्यानात आलं. त्यांनी पदराने कुदळ पुसली, निदान तसं दाखवून डोळे तरी पुसले. भोंगा पुन्हा वाजला. लोहाराच्या बायकोने कोणाला न विचारता दाराशी जाऊन पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"भाऊजी, दांडा जरा लांब घाला," वहिनी म्हणाल्या. "आणि चांगला ठोकून बसवा. मला ही पुष्कळ वर्षं लागणार आहे."