निवड सामन्यातली पेनल्टी

चाकणच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून सारिका मुलीला न्यायला मोशीच्या मैदानावर आली. फुटबॉल शिकवणाऱ्या योगिनी मॅडमनी तिला लगेच ओळखलं आणि सगळ्या मुलींना जवळ बोलावलं.

"ईश्वरीची आई म्हणजे आमच्या वेळची सगळ्यात भारी स्ट्रायकर. दहावीत असताना जिल्ह्यातल्या निवडक खेळाडूंचा सामना झाला. त्यातून एकीलाच राज्याच्या शिबिराला पाठवणार होते. शेवटच्या मिनिटाला हिने पेनल्टी मारली आणि मी अडवली. शिबिराला मी गेले, म्हणून आज कोच होऊन तुमच्यासमोर उभी आहे."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. सारिकानेही वाजवल्या.

स्कूटीवर मागे बसल्यावर ईश्वरीने विचारलं, "आई, तू एवढी भारी होतीस, मग पेनल्टी चुकली कशी?"

"मॅडमजवळ बोलणार नसशील तर सांगते."

"नाही बोलणार."

"चुकली नव्हती. मुद्दाम तिच्या हातात मारली," सारिका गाडी सुरू करत म्हणाली. "माझी निवड झाली असती तरी मला घरचे पाठवणार नव्हते. तिचे पाठवणार होते."